मुरुम, डाग की खड्डे: कोणत्या पीलवर पैसे घालायचे?

पील, म्हणजे चेहऱ्याला आम्ल लावून वरची त्वचा सोलून काढणं, करून घ्यावं का, असं विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर बहुधा तीन गोष्टी एकत्र असतात: आज ठणकणारे मुरुम, गेल्या महिन्यातल्या मुरुमांनी मागे ठेवलेले काळपट डाग आणि जुने, नखांनी फोडलेल्या मुरुमांचे खड्डे. दरपत्रकावर मात्र तिन्हींसाठी एकच ओळ असते. हलकं पील पहिल्या दोघांवर काम करतं. खड्ड्यांवर जवळजवळ नाहीच. एवढं आधी कळलं तरी निम्मा खर्च वाचतो.

तुमच्या चेहऱ्यावर काय जास्त आहे, ते घरीच बघता येतं. उजेड बाजूने पडेल असं खिडकीशी उभं राहायचं, आरसा घ्यायचा आणि गालावरून बोट फिरवायचं. डाग रंगाने वेगळा दिसतो, पण हाताला सपाट लागतो. खड्ड्यात सावली पडते. मग दोन बोटांनी गाल हलकाच ताणा. रुंद, उथळ खड्डे ताणल्यावर पुसट होतात. सुईच्या टोकाएवढे अरुंद पण खोल खड्डे तसेच राहतात. डॉक्टर त्यांना ‘आइसपिक’ म्हणतात.

हलक्या पीलचा असर मुख्यतः त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरापुरता असतो. मुरुमांना कारण ठरणारी बुजलेली रंध्रं तिथेच उघडतात आणि डागांचा बराचसा रंगही तिथेच असतो. खड्डा मात्र खालच्या थरात झालेला असतो. तिथलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन, गेलेलं असतं आणि बऱ्याचदा आतले घट्ट तंतू त्वचेला खाली ओढून धरतात. वरचा थर कितीदाही सोलला तरी ती ओढ सुटत नाही.

सॅलिसिलिक की ग्लायकोलिक?

खरी निवड बहुतेकदा या दोघांतच असते. दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

सॅलिसिलिक आम्ल तेलात मिसळतं, म्हणून तेलाने भरलेल्या रंध्रात शिरतं. ब्लॅकहेड, व्हाइटहेड आणि तेलकट चेहरा ही त्याची हक्काची जागा. दवाखान्यात ते २० ते ३० टक्क्यांचं वापरतात. आधी स्पिरिट किंवा अ‍ॅसिटोनने चेहऱ्यावरचं तेल पुसतात, नाकपुड्यांच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन लावतात. आम्ल लागलं की मिनिटभरात सणसणीत चुरचुर सुरू होते. हातात छोटा पंखा देतात तो त्यासाठीच. दोन-तीन मिनिटांत चुरचुर ओसरते, कारण हे आम्ल त्वचा थोडी बधिरही करतं. आणि गालांवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर येतो. तो बघून पुष्कळजण घाबरतात, पण ती त्वचा जळलेली नसते. द्रावणातलं अल्कोहोल उडून गेल्यावर उरलेले ते आम्लाचे कण असतात. थर सगळीकडे सारखा आला की लावणाऱ्याला कळतं, कुठली जागा सुटली नाही. पुढे आम्लाचं काम आपोआप थांबतं, चेहरा पाण्याने धुतात आणि झालं.

ग्लायकोलिक पाण्यात विरघळणारं. ते उसातही असतं. ऊस, फळं, दूध यांत सापडणाऱ्या अशा आम्लांच्या गटात त्याचा रेणू सगळ्यात लहान, म्हणून ते झपाट्याने आत मुरतं. ताकद २० पासून ७० टक्क्यांपर्यंत. शिवाय टक्के सारखे असले तरी द्रावणाची आम्लता वेगळी असेल तर परिणाम वेगळा होतो. मुख्य फरक असा की हे स्वतःहून थांबत नाही. घड्याळ लावून बसायचं आणि वेळेवर सोड्याच्या द्रावणाने ते निष्प्रभ करायचं. तेव्हा चेहऱ्यावर फेस येतो. लावणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे गेलं, किंवा एखाद्या जागी त्वचा आधीच सोललेली असली, तर तिथे ते जास्त खोल जातं. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर अशा भाजलेल्या जागी नवा काळा डाग उठतो आणि तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. डाग घालवायला गेलात आणि डाग घेऊन आलात, असं ज्यांचं होतं त्यांचं बहुधा असंच झालेलं असतं.

मुरुम अजून येत असतील तर माझा कौल सॅलिसिलिकला. मुरुम थांबलेत, नुसते डाग आहेत आणि त्वचा रूक्ष आहे, तर ग्लायकोलिकचा विचार करावा, तोही कमी टक्क्यांपासून आणि सरावलेल्या हातून.

मॅन्डेलिक हा तिसरा पर्याय. हे कडू बदामापासून मिळतं. रेणू मोठा असल्यामुळे सावकाश मुरतं आणि आग कमी होते. नाजूक किंवा जास्त सावळ्या त्वचेला बरं. आपल्याकडे ते बरेचदा सॅलिसिलिकबरोबर मिसळून वापरतात. दिल्लीच्या डॉक्टरांनी २००९ साली हे मिश्रण आणि ३५ टक्के ग्लायकोलिक यांची भारतीय रुग्णांवर तुलना केली होती. दोन्हींचा उपयोग झाला, पण चालू मुरुम आणि काळे डाग यांत मिश्रण सरस ठरलं.

पील की ट्यूब?

ही तुलना दवाखान्यात सहसा कोणी करून देत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ मध्ये मुरुमांच्या उपचारांचे निर्देश काढले. त्यात अ‍ॅडापलीनसारख्या रेटिनॉइड (‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीच्या औषधाच्या) ट्यूब आणि मुरुमांचे जंतू मारणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची ठाम शिफारस आहे. केमिकल पीलबद्दल मात्र शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं म्हटलंय. याचा अर्थ पील निरुपयोगी असा नव्हे. पण पाया ट्यूबचा आणि पील वरची भर, असाच क्रम लावायला हवा. ट्यूब काही शे रुपयांत मिळते, रोज रात्री लावायची, फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. पीलच्या चार ते सहा सिटिंग, दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि प्रत्येक वेळचे हजारांत पैसे. हात आखडता असेल तर आधी ट्यूब आणि सनस्क्रीन. पील थांबलं तर बिघडत नाही.

खड्ड्यांसाठी हलक्या पीलची सहा-सहा सिटिंगची पॅकेजं विकतात, ते मला पटत नाही. आइसपिक खड्ड्यात काडीच्या टोकाने ६५ ते १०० टक्के टीसीए (ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल) नेमकं टेकवतात, ती ‘क्रॉस’ पद्धत. कोरियातल्या डॉक्टरांनी ती २००२ मध्ये मांडली. आतून ओढलेल्या रुंद खड्ड्यांसाठी सबसिजन, म्हणजे सुईने खालचे तंतू तोडणं. जोडीला मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं) किंवा लेझर. खर्च जास्त, पण तो योग्य जागी होतो. खड्डे पूर्ण भरून येतील असं कोणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका.

कोणी थांबावं, कधी थांबावं

गरोदर असाल किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल तर सॅलिसिलिक नको. ओठांवर वारंवार पाण्याचे फोड (हर्पिस) येत असतील तर आधी सांगा, म्हणजे डॉक्टर गोळी देतील. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांना पूर्वी गोळ्या संपल्यावर सहा महिने थांबवत. २०१७ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी हलक्या पीलसाठी एवढं थांबण्याला पुरेसा आधार नसल्याचं म्हटलं, तरी गोळ्या चालू आहेत हे लपवू नका.

सगळ्यात जास्त लपवली जाते ती मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली स्टेरॉइडमिश्रित ‘डागांची क्रीम’. तिने त्वचा पातळ आणि लाल झालेली असते. तशा चेहऱ्यावर पील म्हणजे आगीत तेल.

पीलच्या आधीचे दोन ते चार आठवडे क्रीम आणि सनस्क्रीन लावून त्वचा तयार करतात. ते टाळून ‘आजच करू’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नये. दुपारी दुचाकीवर हिंडणं किंवा शेतात राबणं चुकत नसेल तर दिवाळीनंतरचे महिने बरे. लग्नसराईत शेवटचं सिटिंग हळदीच्या महिनाभर आधी उरकलेलं असावं. सालपटं निघत असलेल्या गालांवर हळद किंवा गुलाल चोळायचा नसतो.

बुकिंगच्या आधी तीन गोष्टी विचारा: कोणतं आम्ल, किती टक्के, लावणार कोण. उत्तर नुसतं ‘ग्लो पील’ असं आलं तर बाटलीचं लेबल दाखवायला सांगा. दाखवत नसतील तर पैसे न भरता उठा.