प्लॅस्टिक पॅकिंगशिवाय कोल्हापूरचा बाजार: किटली, डबे आणि मांजरपाटाच्या पिशव्या, वर्षभराच्या वापरानंतर

कोल्हापुरात सुटा माल अजून सहज मिळतो, ही फार मोठी सोय आहे. लक्ष्मीपुरीत धान्य पोत्यातून काढून देतात, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढली जाते, गूळ रव्यानं, म्हणजे अख्ख्या ढेपेनं, मिळतो, मटण तर सुटंच. तरीही बरीच घरं प्लॅस्टिकशिवाय खरेदीला हौसेनं सुरुवात करून थोड्याच दिवसांत पुन्हा पिशव्यांवर येतात. सगळे ऋतू काढल्यावर दोनच अडचणी खऱ्या वाटतात: काट्यावरचं वजन आणि ओल.

आधी वजनाचं. दोन लिटरचा स्टीलचा डबा झाकणासकट साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढं वजन मटणाच्या भावानं मोजलं गेलं तर महिन्याचा हिशेब बिघडतो आणि दुकानदाराशी वाद होतो तो वेगळाच. डिजिटल काट्यावर रिकामा डबा ठेवून काटा शून्य करता येतो, पण ते माल घालायच्या आधी सांगावं लागतं: "मामा, आधी डबा ठेवा, शून्य करा, मग घाला." गर्दीच्या वेळी, रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात, हे ऐकायला कोणाला सवड नसते. त्यावरचा पक्का उपाय म्हणजे डब्यावर वजन कोरून घेणं. भांड्याच्या दुकानात मशीननं नाव घालतात, तिथंच नावाखाली 'डबा २९०, झाकण ६०' असे ग्रॅम कोरून मागायचे. रंगानं लिहिलेलं घासणीनं उडतं, कोरलेलं राहतं. आकडा समोर दिसला की दुकानदार निमूट वजा करतो. पारड्याचा तराजू असेल तर हा प्रश्नच नाही, माल पारड्यातून थेट पिशवीत.

एक किलो मटणाला दोन लिटरचा डबा लागतो. तुकड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे दीड लिटरच्या डब्याचं झाकण बसत नाही आणि वाटेत रक्त गळतं. क्लिप आणि रबरी रिंग असलेलाच डबा घ्यावा.

पिशव्यांचं कापड नीट निवडलं तर निम्मं काम झालं. इचलकरंजीचं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं, न रंगवलेलं कापड किंवा मांजरपाट सगळ्यात टिकाऊ. पण कोऱ्या कापडात खळ असते. ती काढली नाही तर पावसाळ्यात पिशवीला कुबट वास येतो. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी गरम पाण्यानं धुवायचं, वाळल्यावरच कापायचं, कारण हे कापड मीटरमागे पाच-सहा सेंटीमीटर सहज आकसतं. ३० बाय ४० सेंटीमीटरच्या पिशवीत चार किलो तांदूळ बसतात, २० बाय २८ च्या पिशवीत किलोभर डाळ. शिलाई दुहेरी हवी: आधी सुलट बाजूनं एक टीप, मग उलटून आतून दुसरी. एकेरी शिलाईत कापडाच्या सुट्या कडा आत राहतात आणि डाळीत धागे येतात. मोठी पिशवी ३५-४० ग्रॅम भरते. साखरेत याचा फरक नगण्य, काजू-वेलदोड्यात मात्र तो महागात पडतो. तिथं छोटा डबाच बरा.

बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीत, दाबून ठिपके पाडलेल्या पिशव्या मिळतात. त्या कापडी नव्हेत, पॉलिप्रॉपिलीन. कडेचा छोटा तुकडा कापून जाळून बघा. सूत जळून राख होतं, हा तुकडा वितळून त्याचा कडक मणी होतो. वर्षभरात त्याचे बारीक पापुद्रे सुटायला लागतात, म्हणजे धान्यात प्लॅस्टिक. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या कॅरिबॅगवर बंदी आली, त्यानंतर याच पिशव्या सगळीकडे शिरल्या. दुसरी वाईट पळवाट वर्तमानपत्राची. भजी, वडे, खारी त्यात बांधून घेऊ नये, छपाईची शाई तेलात उतरते.

दुधावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण रोजची प्लॅस्टिकची पिशवी इथंच थांबते आणि कंटाळाही इथंच येतो. दोन लिटर दुधाला अडीच लिटरची, निमुळत्या गळ्याची स्टीलची किटली घ्यावी. ताज्या धारेला फेस भरपूर असतो. फेसासकट माप भरलं तर घरी येईपर्यंत दूध खाली बसतं. माप फेस बाजूला सारून भरून घ्यायचं, किंवा वजनावर: लिटरभर दूध साधारण १०३० ग्रॅम भरतं. धारोष्ण पिण्याची आपली हौस जुनी आहे, तरी घरी दूध उकळूनच वापरावं.

किटलीला वास लागतो तो तळाला नाही. कडी जिथं रिव्हेटनं बसवलेली असते तो सांधा आणि झाकणाची खोबण, या दोन जागी साय अडकते. धुताना पहिलं पाणी गारच हवं. थेट गरम पाणी ओतलं की दुधातली प्रथिनं पत्र्यावर घट्ट बसतात आणि दर धुण्याला पिवळट थर वाढत जातो. गार पाण्यानं विसळून मग गरम पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा, सांध्याला जुना टूथब्रश. आठवड्यातून एकदा लिंबाची फोड फिरवली की पांढरा थर निघतो. किटली झाकण न लावता पालथी वाळवायची. मटणाच्या डब्यालाही हाच नियम, आधी गार पाणी.

पार्सलचं म्हणाल तर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला आणि मिसळीच्या कटाला डबा चालतो, फक्त तो ऑर्डर सांगतानाच काउंटरवर ठेवावा. गर्दीत रस्सा आधीच पिशव्यांत बांधून ठेवलेला असतो. मग तीच पिशवी आपल्या डब्यात रिकामी होते आणि कचऱ्यात जाते. उकळता रस्सा भरून लगेच क्लिप लावली तर गार होताना झाकण आत ओढलं जातं आणि निघता निघत नाही. दोन मिनिटं वाफ जाऊ द्यावी. अडकलंच तर झाकणावर गरम पाणी ओतावं. रबरी रिंगला लसणाचा वास कायमचा लागतो, म्हणून रश्श्याचा डबा वेगळाच ठेवावा.

आता ओल. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कापडी पिशवी दोन दिवसांतही कोरडी होत नाही. भाजीच्या पिशव्यांचा दुसरा जोड लागतोच. धान्याची पिशवी ही आणायची वस्तू, साठवायची नव्हे. पावसाळ्यात सुतातून दमट हवा शिरते आणि तांदळात टोके, म्हणजे किडे, होतात. आजरा घनसाळसारखा वासाचा तांदूळ तर घट्ट झाकणाच्या कोठीतच हवा, नाहीतर वास उडतो. वर्षाची बेगमी मिरगाच्या आधी करून गहू कडक उन्हात वाळवावेत. तांदूळ मात्र सावलीतच, उन्हानं तडकून कणी होते. तूरडाळीला किलोला अर्धा चमचा एरंडेल चोळलं की पुरतं.

गूळ हवेतली ओल ओढतो आणि पाघळतो. गुऱ्हाळं चालू असताना, कोरड्या हवेत आणलेला रवा फोडून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरावा. कापडात ठेवलेला गूळ आषाढात पिशवीसकट चिकट होतो. गिरणीतलं दळण आणि कांडपातली चटणी गरम असते. डब्याचं झाकण लगेच लावू नये, आत पाणी सुटून पिठाला गाठी होतात आणि चटणीला बुरशी धरते. वरून नुसतं सुती फडकं बांधून आणावं, पूर्ण गार झाल्यावर झाकण.

पालेभाजीला ओल हवी, पण मोजकी. विक्रेते पाणी मारतात ते आधी झटकायचं, मेथी ओल्या करून घट्ट पिळलेल्या पंचात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवायची. तीन-चार दिवस चांगली राहते. ठिबकता पंचा वापरला तर पानं काळी पडतात.

जिथं जमत नाही ते असं: सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं मनाई आहे, म्हणून १५ किलोचा पत्र्याचा डबा हाच मार्ग. लहान कुटुंबाला तो संपेपर्यंत तेल खवट होतं, दोन घरांनी वाटून घ्यावा. मीठ, औषधं, बिस्किटं प्लॅस्टिकमध्येच येतात. खारी, टोस्ट, नानकटाई बेकरीतून डब्यात मिळते, आणि जयसिंगपुरी भडंगही, फक्त डबा पूर्ण कोरडा हवा. दुकानात धान्य ज्या पोत्यातून येतं तेही आता बहुधा प्लॅस्टिकच्या धाग्याचंच असतं. ते आपल्या हातात नाही, पण पन्नास किलोला एक पोतं आणि पन्नास किलोला पन्नास पाकिटं यात पुष्कळ अंतर आहे.