काटा मधोमध, पाणी गायब: जुन्या सॅन स्टॉर्मवर डिजिटल टेंपरेचर मीटरचे आठ महिने

माझी सॅन स्टॉर्म २००२ची. गोव्यात बनलेली, फायबरच्या बॉडीची टू-सीटर, आत रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला उभी राहिली की शेजारचा रिक्षावाला हमखास विचारतो, "साहेब, ही बाहेरची का?"

गेल्या मे महिन्यात गायमुखच्या घाटात ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली सीलबंद चकती) उडालं. दोष गाडीचा नाही, माझा. दोन वर्षं कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) सोसायटीत येणाऱ्या टँकरचं पाणी ओतत होतो. त्यात कधीकाळी एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून टाकला होता. "आपल्याकडे काय बर्फ पडतो का?" हा त्याचा युक्तिवाद, आणि तो मला तेव्हा पटलाही होता.

हेड उतरवलं तेव्हा मी समोरच उभा होतो. मेकॅनिकने त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांच्या जुडीतली) ०.१५ मिमीची पाती सुळकन आत गेली, म्हणजे हेड वाकलेलं. गॅस्केटवर नेमकी तिथेच काळी रेघ. ब्लॉक लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापलं की ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि मधलं गॅस्केट दर वेळी घासलं जातं. एका मर्यादेपर्यंत ते सोसतं, पुढे हेडच वाकतं. फेसिंग (हेड घासून सपाट करणं), नवं गॅस्केट, नवे बोल्ट, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ८९ अंशांचा थर्मोस्टॅट, रेडिएटरची सफाई, आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. खर्चाचा आकडा घरात अजून सांगितलेला नाही.

त्यानंतर जुलैत हा मीटर बसवला. रेडिएटरच्या वरच्या होजमध्ये (रबरी पाइपमध्ये) टी-अडॅप्टर, त्यात टेंपरेचरचा सेन्सर, आणि कूलंटच्या बाटलीत पातळीचा वेगळा सेन्सर. पहिले दोन दिवस आकडे नाचत होते, ७० वरून एकदम ११०. मीटर परत करायला निघालो होतो. मग लक्षात आलं की एका वायरच्या सेन्सरला अर्थिंग लागतं, आणि दोन्ही बाजूंनी रबराचा होज असलेल्या अडॅप्टरला ते मिळणार कुठून? क्लिप लावून बॉडीला वायर जोडली, आकडे शांत झाले. बरोबर आलेल्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही.

सकाळी गाडी सुरू केली की आकडा बराच वेळ चाळिशीत रेंगाळतो आणि मग मिनिटभरात ऐंशीच्या वर उडी मारतो. घाबरू नका, ती थर्मोस्टॅट उघडल्याची खूण. पाम बीच रोडवर ८८ ते ९१. कापूरबावडीच्या गर्दीत ९८पर्यंत चढतो, फॅन लागतो, ९३ला उतरतो. या सगळ्या वेळात डॅशबोर्डवरचा काटा मधोमध, ढिम्म! काटा हलेपर्यंत थांबायचं ठरवलं तर आपण गॅस्केटच्या तेराव्यालाच पोचणार.

खरा पैसा वसूल झाला जानेवारीत. खारेगावहून येताना पातळीचा बझर वाजला. काटा मधोमध, आणि मीटरचा आकडा उलट ९१ वरून ८३ वर आलेला. आधी वाटलं, बझर बिघडला. बॉनेट उघडलं तर खालच्या होजचा क्लॅम्प सैल आणि सगळं कूलंट रस्त्यावर. वरच्या होजमध्ये पाणीच उरलं नव्हतं. सेन्सर नुसती हवा मोजत होता. कमी दिसणारा आकडाही धोक्याचा असतो, हे तिथे रस्त्याकडेला कळलं. नुसता टेंपरेचरचा मीटर घेणार असाल तर थोडे पैसे साठवा आणि पातळीच्या सेन्सरसकट घ्या.

तक्रारी आहेतच. हूड, म्हणजे गाडीचं छत, उघडं असताना दुपारच्या उन्हात आकडे दिसत नाहीत, रात्री डोळ्यांत खुपतात. बाटली किमान खुणेच्या जवळ असेल तर येऊरच्या वळणांवर बझर उगाच ओरडतो. बायको म्हणते, "अहो, गाडी आहे की आयसीयूतला पेशंट?"

आणखी एक, पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, म्हणजे गॅस्केट फुटून ऑइलमध्ये पाणी तर गेलं नाही ना, आणि माझी झोप उडाली. ऑइलची काडी स्वच्छ होती, पाणी कमी होत नव्हतं. तरी ब्लॉक टेस्ट करून घेतली. बाटलीच्या तोंडाशी धरलेलं निळं द्रावण निळंच राहिलं. गॅस्केट फुटून जळका गॅस पाण्यात येत असता तर ते पिवळं पडलं असतं. साय होती ती बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांत साचलेल्या दमटपणाची.

रेडिएटरची कॅप मात्र मी जुनीच ठेवली होती, ती परवा बदलली. रबर कडक झालेलं. कॅपने दाब धरला नाही तर साधं पाणी १०० अंशांनाच उकळतं, हवेच्या दाबापेक्षा १ बार जास्त दाबाखाली ते १२०पर्यंत तग धरतं. अलार्म सध्या १०५ वर लावलाय. एप्रिलमध्ये गायमुखला दुपारी मुद्दाम जाऊन बघणार आहे, आकडे इथेच टाकेन.