पोस्टग्रेस १३ वरून १८: डंप, पीजी_अपग्रेड की रेप्लिकेशन?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचा सर्व्हर पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या १३ व्या आवृत्तीवर चालत असेल, तर त्या आवृत्तीचा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला आहे. सुरक्षेचे पॅचही आता येत नाहीत. नेक्स्टक्लाउड या फाइल साठवणाऱ्या सॉफ्टवेअरसारखी एकेक मोठी आवृत्ती चढत जाण्याची गरज इथे नाही, थेट १८ गाठता येते. वाटा मात्र तीन आहेत, आणि निवडताना वेगाआधी परत फिरता येईल का ते पाहा.

डंप-रिस्टोर, म्हणजे सगळा डेटा फाइलींत उतरवून नव्या सर्व्हरमध्ये भरणं, सगळ्यात संथ. तरीही रात्रभर काम थांबवता येत असेल आणि डेटा पन्नासेक जीबीच्या आत असेल, तर आम्ही हीच वाट सुचवू. जुन्या सर्व्हरला धक्का लागत नाही. इंडेक्स (शोध वेगाने व्हावा म्हणून ठेवलेल्या सूची) नव्याने बांधले जातात, त्यामुळे सेंटओएस ७ सारखी जुनी लिनक्स त्याच वेळी बदलता येते. आधी ॲप बंद करा, नाहीतर डंप सुरू झाल्यानंतरच्या नोंदी मागेच राहतील. डंप १८ च्या पीजी_डंपने, डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये, चार जॉब लावून घ्या. युजर आणि पासवर्ड त्यात येत नाहीत. ते पीजी_डंपऑलच्या 'ग्लोबल्स-ओन्ली'ने वेगळे काढून आधी भरावे लागतात. रिस्टोरनंतर ॲनालाइझ चालवा, त्याने डेटाची आकडेवारी नव्याने गोळा होते. ते राहिलं तर सकाळी साधा स्टॉक रिपोर्टही रेंगाळतो.

दुसरी वाट पीजी_अपग्रेडची. हे साधन डेटा ओततच नाही, फाइली तशाच उचलतो. कॉपी मोडला दुप्पट डिस्क लागते. त्याच फाइली दोन्हीकडे वापरणारा लिंक मोड मोठा डेटाही काही मिनिटांत उरकतो, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना वापरता येत नाही. मग आधी घेतलेला बॅकअप हाच आधार. लिंकिंग चालू असताना वीज गेली आणि नवा सर्व्हर सुरू झालेला नसेल, तर जुन्या डिरेक्टरीतल्या पीजी_कंट्रोल फाइलच्या नावाला लागलेलं '.ओल्ड' काढून जुना सर्व्हर परत उठवता येतो. यूपीएसची बॅटरी तरीही आदल्या दिवशी तपासाच.

१८ मध्ये एक ठेच हमखास लागते. नवा क्लस्टर (सर्व्हरचा सगळा डेटा असलेली डिरेक्टरी) बनवणारा इनिटडीबी आता चेकसम, म्हणजे डेटा बिघडला का ते ओळखणारे आकडे, चालू ठेवूनच तो बनवतो, जुन्या क्लस्टरमध्ये ते सहसा बंद असतात, आणि दोन्हीकडे सारखं नसेल तर पीजी_अपग्रेड पुढे जात नाही. जुना सर्व्हर बंद करून पीजी_चेकसम्सने ते चालू करा, किंवा नवा क्लस्टर 'नो-डेटा-चेकसम्स' देऊन बनवा. 'चेक' पर्याय आधी चालवला की हे कळतं. लिनक्सही बदलत असाल तर जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीत २.२८ पासून अक्षरांचा क्रम बदलला आहे. मजकुराच्या इंडेक्सना रीइंडेक्स केलं नाही तर यादीत दिसणारा व्यापारी शोधल्यावर सापडत नाही.

लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे जुना सर्व्हर चालू ठेवून त्यातले बदल सतत नव्याकडे पाठवणं, हे तीन पाळ्या चालणाऱ्या, तासभरही न थांबणाऱ्या युनिटसाठीच. प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख) नसलेल्या टेबलांवर अपडेट अडतात, टेबलांच्या रचनेतले बदल पलीकडे जात नाहीत, पुढचा नंबर देणारे सिक्वेन्सही जात नाहीत. शेवटचं विसरलात तर पहिल्याच बिलाला 'डुप्लिकेट की' येते. एका माणसाच्या आयटी विभागाने या वाटेला जाऊ नये.

पोस्टग्रेस डॉकरच्या तयार इमेजमधून चालवणाऱ्यांनी नुसता टॅग (इमेजच्या नावातली आवृत्ती) बदलू नये. जुन्या फाइली नवा सर्व्हर उघडत नाही, शिवाय १८ च्या अधिकृत इमेजमध्ये व्हॉल्यूम (डेटा टिकवणारी जागा) 'डेटा' फोल्डरऐवजी त्याच्या वरच्या फोल्डरला जोडावा लागतो.

वाट कोणतीही घ्या, दोन बदल नंतर गाठतात. १४ पासून नवा पासवर्ड स्क्रॅम या अधिक सुरक्षित पद्धतीने साठतो, ४२.२.० आधीचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावा ॲपला डेटाबेसशी जोडणारा) असलेलं बारकोडचं ॲप पासवर्ड बदलताच बाहेर पडतं. दुसरा बदल १५ मधला: नव्या डेटाबेसच्या पब्लिक स्कीमात (टेबलं ठेवण्याच्या नेहमीच्या कप्प्यात) साध्या युजरला टेबल बनवता येत नाही. जुन्या डेटाबेसची परवानगी टिकते, त्यामुळे अपग्रेडच्या दिवशी सगळं सुरळीत दिसतं. पण सॉफ्टवेअर दर आर्थिक वर्षाला नवा डेटाबेस उघडत असेल आणि तो 'पोस्टग्रेस' या मुख्य युजरच्या मालकीचा असेल, तर १ एप्रिलला 'परमिशन डिनाइड' येईल. मालकी ॲपच्या युजरला द्या, आजच.

सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत कामगार सुट्टीवर असतात तेव्हा मुहूर्त धरा, त्याआधी जुन्या पीसीवर एकदा रंगीत तालीम करून वेळ मोजा. जुनी डेटा डिरेक्टरी त्या महिन्याचं जीएसटी विवरणपत्र भरून होईपर्यंत पुसू नका.