माडावर चढायचं यंत्र घेताय? दुकानदाराला आधी पट्ट्याचं विचारा

आमच्या वेंगुर्ल्याकडे हल्ली पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा माणूस, मिळणं म्हणजे लग्नसराईत भटजी मिळण्यासारखं झालंय, फोन केला की "येतंय, येतंय" आणि आठवडा गेला, तोवर सुके नारळ आपले आपणच खाली येतात नि खाली पोरं खेळत असतात. म्हणून शेवटी यंत्र घेतलं. मूळ डिझाइन केरळातल्या कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या जोसेफ यांचं, आता बाजारात त्याच्याच कॉप्या आहेत. मला तीन हजारांच्या आत पडलं.

चालतं कसं ते सांगतो. दोन लोखंडी फ्रेम, एक उजवी एक डावी, प्रत्येकीला पाय ठेवायला जागा, वर धरायला दांडा, आणि वायररोपचा फास जो खोडाभोवती घ्यायचा. पायावर भार टाकला की फास आवळतो, भार काढला की सैल होतो, मग ती बाजू उचलून वर सरकवायची, परत दुसरी. सरळ वाढलेल्या बाणवली जातीच्या (उंच) माडावर झकास चढता येतं, हे मनापासून सांगतो. खोडाला खाचा पाडाव्या लागत नाहीत हा वेगळा फायदा, कारण खाचेत पाणी साचतं आणि माड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याला आयतं दार मिळतं. पण समुद्राकडे वाकलेल्या माडावर हे सरळ बसत नाही, खोड वर बारीक होत गेलं की फास कमी करत बसावं लागतं, आणि पावसाळ्यात शेवाळ असलं की मी तरी नाही चढणार.

आता खरी गोष्ट. पट्टा, म्हणजे चढणाऱ्याला खोडाशी बांधून ठेवणारा. हे उभ्याने चढायचं मॉडेल आहे, म्हणजे माणसाला धरून ठेवणारं आहे काय तर त्याचेच हात. वर पोचलात, एका हाताने झावळ बाजूला सारली, दुसऱ्या हाताने कोयता मारला, की उरले फक्त पाय. चक्कर आली, तांबड्या मुंग्या चावल्या, तर माणूस मागच्या मागे जातो नि यंत्र तसंच वर माडाला चिकटून राहतं. कासरगोडच्या नारळ संशोधन संस्थेने, म्हणजे सीपीसीआरआयने, ह्याच यंत्राला जोडायची सुरक्षा जोडणी तयार केली ती ह्याच्यासाठीच. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो "कोण मागत नाही साहेब, म्हणून ठेवत नाही." यंत्राच्या खोक्यात सॉकेट-पाना होता, पट्टा नव्हता!

मी काही डॉक्टर नाही पण अपघातांवरचं आरोग्य-संशोधन वाचायची सवय आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जगात पडून वर्षाला ६ लाख ८४ हजार माणसं मरतात, त्यातली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी नि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. ५० फुटांवरून सुटलेला माणूस दोन सेकंदांच्या आत खाली येतो आणि जमिनीला लागताना वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर असतो, शाळेतलं गणित आहे, करून बघा. विल्यम हॅडन नावाचे अमेरिकन डॉक्टर होते, त्यांचं म्हणणं की अपघाताला नशीब म्हणून सोडू नका, आधी काय, होताना काय, नंतर काय असे तीन भाग करून बघा. हे यंत्र पहिल्या भागाचं काम करतं, पाय घसरायची शक्यता कमी करतं. दुसऱ्या भागाला पट्टा लागतो. आणि तिसऱ्याचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितेय, पडलेल्याला दोघं काखेत धरतात, एक पाय उचलतो आणि रिक्षात कोंबतात. मणका मोडलेला असेल तर मज्जारज्जूला जी काय उरलीसुरली संधी असते ती तिथेच संपते. हलवू नका, मान-पाठ सरळ राहू दे, १०८ ला फोन लावा, आणि अगदीच उचलायची वेळ आली तर फळीवर, चार-पाच जणांनी एकदम. कमरेखालचा भाग गेला की पुढे पाठीला जखमा, लघवीचं इन्फेक्शन, घरातली एक बाई कायमची त्याच्या उशाशी, आणि मृत्यूच्या आकड्यात तो माणूस कुठेच दिसत नाही.

आमच्या नेहमीच्या पाडेल्याला दाखवलं यंत्र. त्याने फास ओढून बघितला, दांडा हलवला आणि म्हणाला, "दादानू, ह्या घेवन चढलंय तर सांजपर्यंत धा माड पण होवचे नाय." खरंच आहे, त्याला पैसे माडामागे मिळतात, आणि मी एका माडाला यंत्र लावून काढेपर्यंत तो दोन उतरवून मोकळा. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त धोका त्याला हे परवडत नाही, आणि आम्ही दोन-चार माडवाले हौसेने घेतो. त्याला मदत तरी कुठली मिळणार? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत उंचावरून पडून मृत्यू झाला तर २ लाख आहेत, पण ते खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एकाला. सातबाराच नसेल तर बसा बोंबलत. नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' नावाची विमा योजना आहे, खास माडावर चढणाऱ्यांसाठी, ती आमच्या पाडेल्याने कधी ऐकलेलीसुद्धा नव्हती. ज्यांच्या वाडीत माणसं चढतात त्यांनी तो हप्ता स्वतः भरावा असं माझं मत आहे, चार नारळ कमी विका.

देखभालीचं थोडक्यात: आपल्या खाऱ्या हवेत नटबोल्ट पटापट गंजतात, ग्रीस लावून आत ठेवा, अंगणात टाकू नका. वायररोपचा एक जरी तंतू तुटून बाहेर आलेला दिसला तर रोप बदला, वरून टेप गुंडाळून चालवू नका.

नुसत्या यंत्राला ५ पैकी ३. कमरेला पट्टा आणि तो खोडाभोवती घ्यायचा दोर वेगळा घेऊन वापरलात तर ४. बसून चढायचं मॉडेलही येतं, सावकाश आहे पण पन्नाशीच्या पुढच्यांनी आणि गुडघे दुखणाऱ्यांनी तेच बघावं, आमच्या तालुक्यात काही मिळालं नाही, कणकवली-कुडाळकडे कोणाकडे असेल तर दुकान सांगा.