तिरामिसू घरी करायचं आहे? आधी अंड्याचं ठरवा

तिरामिसू म्हणजे कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि क्रीम यांचे थर लावून केलेला इटालियन गोड पदार्थ. त्याच्या चार पाककृती शेजारी ठेवून वाचल्या तर चारही वेगळ्या निघतात. एकीत कच्ची अंडी, दुसरीत वाफेवर शिजवलेले बलक, तिसरीत अंडं अजिबात नाही पण क्रीम भरपूर, चौथीत क्रीम चीज आणि रम. पहिल्यांदा करणारा इथेच अडकतो आणि शेवटी घरात जे सामान असेल त्यावर वेळ मारून नेतो. माझं म्हणणं असं, की अंड्याचा निर्णय आधी घ्यावा. बाकी सगळं त्याच्या मागून आपोआप ठरत जातं.

याचं कारण या पदार्थाच्या जन्मातच आहे. इटलीत व्हेनिसच्या उत्तरेला, रेल्वेने अर्ध्या तासावर, त्रेविझो नावाचं शहर आहे. तिथे अशक्त माणसाला, वाढत्या मुलांना, बाळंतिणीला अंड्याचा बलक आणि साखर फेसाळेपर्यंत फेटून द्यायची जुनी रीत होती. त्याला तिकडच्या बोलीत ‘स्बातुदिन’ म्हणतात. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे नि आळिवाचे लाडू देतात, त्यातलाच हा प्रकार. ‘तिरामिसू’चा शब्दशः अर्थ ‘मला वर ओढ’, म्हणजे मला उभारी दे. त्रेविझोतल्या ‘ले बेक्केरिए’ या रेस्टॉरंटात १९७२ मध्ये हा पदार्थ यादीत आला. मालक आदो काम्पेओल, त्यांच्या पत्नी आल्बा आणि तिथले आचारी रोबेर्तो लिंग्वानोत्तो यांना त्याचं श्रेय दिलं जातं. शेजारच्या फ्रिउली प्रांताला हे मान्य नाही. तोल्मेझो गावातल्या एका हॉटेलात १९५० च्या दशकातच तिरामिसू होत असे, असं तिथले लोक सांगतात, आणि २०१७ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने पारंपरिक पदार्थांच्या यादीत तिरामिसू फ्रिउलीच्या नावावर नोंदवल्यावर त्रेविझोकर चांगलेच दुखावले.

आपल्या कामाची गोष्ट म्हणजे त्रेविझोची मूळ मापं उपलब्ध आहेत: १२ बलक, अर्धा किलो साखर, १ किलो मस्कारपोने (क्रीमपासून केलेलं मऊ, गोडसर इटालियन चीज), ६० सावोयार्दी (लेडीफिंगर) बिस्किटं, लागेल तशी कॉफी आणि कोको. इतकंच. त्यात अंड्याचं पांढरं नाही, क्रीम नाही, दारूचा थेंब नाही. दारू न घेणाऱ्या घरात ‘आपलं तिरामिसू अपुरं राहिलं’ अशी रुखरुख अनेकांना लागते. ती सोडून द्यावी. मार्साला वाइन आणि रम नंतर आल्या.

अंडं कसं वापरायचं, याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट कच्च्या अंड्याची. इटलीतल्या असंख्य घरांत आजही असंच करतात: बलक साखरेबरोबर फेटायचे, मस्कारपोने मिसळायचं, पांढरं वेगळं फेटून हलक्या हाताने त्यात घालायचं. वीस मिनिटांत क्रीम तयार होतं आणि चव फार सुंदर लागते, हलकी आणि ताजी. तरीही आपल्या घरांसाठी मी ही वाट सुचवणार नाही. कवच धुतलं की झालं, असं काही जण समजतात. पण साल्मोनेला जिवाणू अंड्याच्या आतही असू शकतो, आणि रम घातली म्हणून तो मरत नाही. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर हा विषय तिथेच संपतो. शिवाय कच्च्या पांढऱ्याचा फेस दुसऱ्या दिवशी बसतो आणि भांड्याच्या तळाशी पाणी सुटतं. पाश्चराइज्ड अंडी मिळत असतील तरच ही वाट धरावी.

दुसरी वाट बलक वाफेवर शिजवण्याची, आणि माझं मत ठामपणे हिच्या बाजूने आहे. पातेल्यात दोन बोटं पाणी मंद उकळत ठेवायचं. त्यावर काचेचा किंवा स्टीलचा वाडगा असा बसवायचा की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. त्यात बलक आणि साखर घालून हात न थांबवता फेटत राहायचं. आठ-दहा मिनिटांत मिश्रण फिकट होतं, दुपटीने फुगतं, आणि फेटणी उचलली की त्याची धार रिबिनीसारखी पडून क्षणभर वर दिसत राहते. थर्मामीटर असेल तर ७१ अंश सेल्सिअस गाठायचं. साखरेमुळे बलक लगेच गोठत नाही, पण आच मोठी झाली तर कडेने बारीक गुठळ्या धरतात. तसं दिसलं की वाडगा ताबडतोब खाली उतरवून फेटायचा. इटलीत याच पद्धतीने मार्साला घालून झाबायोने नावाचं फेसाळ कस्टर्ड करतात, म्हणजे ही काही परदेशी तडजोड नव्हे. चवीत कच्च्यापेक्षा किंचित जास्त कस्टर्डपणा येतो. मला तो आवडतो. एक गोष्ट मात्र पाळायचीच: हे मिश्रण पूर्ण गार होऊ द्यायचं. मी एकदा पाहुणे दाराशी आले म्हणून कोमटच बलकात मस्कारपोने घातलं. ते वितळून सगळं पातळ झालं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही सुरीने कापण्याजोगं झालं नाही.

तिसरी वाट बिनअंड्याची: फेटलेलं क्रीम आणि मस्कारपोने. शाकाहारी घरांसाठी ही हक्काची वाट आहे आणि ती नीट केली तर छान लागते. फक्त ती बलकाची चव देईल अशी अपेक्षा ठेवू नये. हा जास्त दुधाळ, जास्त पांढरा पदार्थ होतो. इथे दोन ठिकाणी फसगत होते. एक, किराणा दुकानात सहज मिळणारी फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाची असते, ती फेटून उभी राहत नाही. ३५ टक्क्यांची व्हिपिंग क्रीम लागते. केकवाले वापरतात ती वनस्पती तेलाची गोड क्रीम फुगते भरपूर, पण टाळूला चिकटते आणि मस्कारपोनेची चव झाकून टाकते. दुसरी फसगत जास्त गंभीर. सावोयार्दी, म्हणजे आपल्याकडे लेडीफिंगर म्हणून मिळणारी बिस्किटं, अंड्याचीच असतात. क्रीम बिनअंड्याचं करून वर ‘एगलेस’ म्हणून वाढायचं आणि खाली अंड्याची बिस्किटं, हे अंडं न खाणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत बरोबर नाही. त्याऐवजी बिनअंड्याचा साधा स्पंज केक बोटभर रुंद कापून मंद ओव्हनमध्ये कोरडा, कडक होईपर्यंत वाळवावा.

मस्कारपोनेवर मात्र काटकसर नको. ते महाग आहे, म्हणून लोक क्रीम चीज घेतात. क्रीम चीज आंबट आणि खारट असतं. त्याचा चीजकेक उत्तम होतो, तिरामिसू होत नाही. त्यापेक्षा मस्कारपोने घरी करणं सोपं आणि स्वस्त. अर्धा लिटर ३५ टक्क्यांची क्रीम मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत तापवायची, एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून पाचेक मिनिटं हळू ढवळायची. ती दुधासारखी फाटत नाही, फक्त चमच्याला जाडसर चिकटू लागते. गार झाली की मलमलीच्या फडक्यात घालून फ्रिजमध्ये रात्रभर चाळणीवर ठेवायची. श्रीखंडासाठी चक्का बांधता येतो त्याला यात नवीन काही नाही, फरक एवढाच की इथे पाणी फार थोडं गळतं. रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं दूध घट्ट करणारं द्रव्य, लागत नाही, त्यामुळे शाकाहारी मंडळींनाही चालतं. विकतचं असो की घरचं, मस्कारपोने चमच्याने मऊ करून घ्यावं आणि इलेक्ट्रिक बीटरपासून जपावं. जास्त फेटलं की लोणी सुटू लागतं आणि मग ते परत जुळत नाही.

कॉफीचं फारसं अवघड नाही. इटलीत शेगडीवरच्या मोका पॉटची कडक कॉफी वापरतात. आपल्या पितळी फिल्टरचा डिकॉक्शन तितकाच चांगला, फक्त पावडर बिनचिकोरीची हवी, नाहीतर कडवटपणा वर येतो. इन्स्टंटही चालते, नेहमीपेक्षा तिप्पट कडक करून. कॉफी गार किंवा कोमट हवी, आणि बिस्किट एका बाजूने एक सेकंद, दुसऱ्या बाजूने एक सेकंद, एवढंच बुडवायचं. ते आतून थोडं कोरडं वाटलं तरी घाबरू नये, क्रीममधला ओलावा रात्रभरात आत मुरतो.

पाच-सहा जणांसाठी मी हे माप धरते: ३ बलक, ६० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम मस्कारपोने, १५ बिस्किटं, एक कप कॉफी. मूळ प्रमाणाने साखर याच्या दुप्पट होते. मला ती फार गोड वाटते, पण मोदक-पुरणपोळीच्या गोडव्याची सवय असलेल्या घरात ९० ग्रॅमपर्यंत जायला हरकत नाही. बिनअंड्याचं करायचं तर बलकांच्या जागी २०० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम.

तेव्हा अंडं खाता आणि घरी अर्धा तास आहे, तर वाफेवरचे बलक. अंडं खात नाही, तर क्रीम, पण स्पंजही बिनअंड्याचा. शिजवलेल्या बलकाचं तिरामिसू शनिवारी रात्री थर लावून झाकून फ्रिजमध्ये ठेवावं, रविवारी दुपारी जेवणानंतर काढावं. कोको आदल्या रात्री भुरभुरवला तर ओला होऊन काळपट डाग पडतात. तो वाढायच्या आधी, बारीक गाळणीतून. सोमवारपर्यंत उरलं तर संपवून टाका, त्यापुढे ठेवू नका. आणि उरलेली तीन पांढरी टाकून देऊ नका: सकाळच्या ऑम्लेटमध्ये दोन पूर्ण अंड्यांबरोबर घातली तर कुणाला कळतही नाही.