क्रमांक, ग्रेड की कटऑफ? खान्देशातल्या पालकांनी कॉलेज कशावरून ठरवावं

सीईटीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्यात चौकाचौकात ‘अव्वल कॉलेज’चे फलक झळकतात. अव्वल कुणाच्या यादीत, हे बारीक अक्षरात असतं, नाहीतर नसतंच. इंजिनीअरिंगचा प्रवेश डोळ्यांसमोर ठेवून बघू, कशावर किती विसंबायचं ते.

मासिकांच्या याद्या आधीच बाजूला काढा. ज्या अंकात क्रमांक, त्याच अंकात कॉलेजची पानभर जाहिरात असेल तर आणखी काय सांगायचं?

नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद. तिची ग्रेड अख्ख्या संस्थेची असते आणि साधारण पाच वर्षं चालते. तुम्हाला हवी ती शाखा कशी आहे, हे त्यातून कळत नाही. शिवाय फेब्रुवारी 2025 मध्ये लाचेच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसह काही जणांना अटक केली, तेव्हापासून ‘ए प्लस प्लस’कडे बघताना भुवई जरा वर जातेच. शाखेपुरतं बघायचं तर एनबीएचं, म्हणजे एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, मानांकन विचारा, आणि त्याची मुदत कधी संपते तेही.

एनआयआरएफ ही केंद्र सरकारची क्रमवारी, 2016 पासूनची. इंजिनीअरिंगसाठी 100 पैकी 30 गुण अध्यापन-सुविधांना, 30 संशोधनाला, 20 निकाल आणि पुढच्या वाटचालीला, 10 सर्वसमावेशकतेला, 10 नावलौकिकाला. म्हणजे शोधनिबंध आणि नाव मिळून 40. चोपड्याच्या पोराला चार वर्षांनी नोकरी हवी आहे. सरांचे पेपर कुठे छापून आले याच्याशी त्याला काय करायचंय? यादीत नसलेलं कॉलेज टाकाऊ असतं असंही नाही, कारण भाग घेणं ऐच्छिक आहे.

पण या क्रमवारीसाठी कॉलेजने भरलेला तक्ता मात्र सोन्यासारखा. बरीच कॉलेजं तो आपल्या वेबसाइटवर ठेवतात. पहिल्या वर्षाला किती आले, डिप्लोमावाले थेट दुसऱ्या वर्षाला किती, वेळेत पास किती, नोकरी किती जणांना, मीडियन पगार किती, सगळं एका ओळीत. समजा 120 आले, 75 वेळेत सुटले, 40 ना नोकरी लागली. फलकावर ‘100 टक्के प्लेसमेंट’ असेल तर ते 100 कशाचे, हे तिथेच विचारता येतं. मीडियन म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी; फलकावरचं ‘सर्वाधिक पॅकेज’ एकाच मुलाचं असतं. आकडे कॉलेजनेच भरलेले असतात, म्हणून तीन वर्षांचे शेजारी ठेवा. एखादं वर्ष एकदम उसळलेलं दिसलं तर तिथे थांबा.

राहिली कॅपची, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांची, कटऑफ: शेवटची सीट किती गुणांवर गेली तो आकडा. माझा सर्वाधिक भरवसा हिच्यावर, कारण ती कुणी भरून देत नाही; हजारो पोरांनी सीट घेताना काय निवडलं ते त्यात उतरतं. वाचायची मात्र नीट. रकान्याच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, कॉलेजच्याच विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झालेल्यांची सीट; ओ म्हणजे त्या हद्दीबाहेरच्यांची; एस म्हणजे राज्यस्तर. बारावी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारातून झाली असेल तर शिरपूर-बांभोरीच्या कॉलेजांसाठी एच, पुण्याच्या कॉलेजांसाठी ओ. पुण्याचा एच रकाना बघून आशा लावून बसणारे दरवर्षी भेटतात.

कटऑफलाही खोट आहे: शहराच्या नावाने ती फुगते. पुण्याच्या वेशीवरचं, कालपरवा उघडलेलं कॉलेज जळगावच्या जुन्या कॉलेजच्या वर दिसेल. अशा वेळी दोघांचे तक्ते काढा, त्यात पुण्याचं चार वर्षांचं होस्टेल-मेस मिळवा, आणि मगच ऑप्शन फॉर्ममध्ये वरचं कॉलेज कोणतं ते लिहा.