ग्लास फायबर की कार्बन फायबर?

'कार्बन म्हणजे सगळ्यात मजबूत' हे सरसकट विधान मला पटत नाही. ताजा ई-ग्लासचा (फायबरग्लासमधली नेहमीची काच) तंतू आणि नेहमीचा कार्बन तंतू, दोघांचीही ताणशक्ती साधारण 3.5 गिगापास्कलच्या घरात. खरी तफावत ताठपणात आहे: यंगचा मापांक, म्हणजे ताठपणाचं माप, काचेचा सुमारे 72 गिगापास्कल, कार्बनचा 230. त्यात कार्बन वजनालाही हलका. भाग वाकताच कामा नये, अशी अट असेल तर प्रश्नच मिटला.

पण काच तुटण्याआधी चार टक्क्यांहून अधिक ताणली जाते; कार्बन दीड-दोन टक्क्यांतच मोडतो, तोही फारशी पूर्वसूचना न देता. फायबरग्लासच्या पत्र्यावर हातोडी पडली की आत थर सुटलेली जागा पांढरट दिसते. काळ्या कार्बनमध्ये तेच नुकसान वरून दिसतही नाही, अल्ट्रासॉनिक तपासणीच करावी लागते.

वारंवार भार येत असेल तर कार्बन सरस. मात्र तो थेट अॅल्युमिनियमला जोडला आणि ओलावा शिरला, की धातू गंजतो. म्हणून मध्ये काचेचाच थर घालतात! तंतूंच्या आडव्या दिशेने ओढलं तर दोन्ही कमकुवत, तिथे भिस्त तंतूंना बांधून ठेवणाऱ्या रेझिनवर.

पवनचक्कीच्या पात्यांत बहुतांश काच आणि काही लांब पात्यांच्या भार पेलणाऱ्या मुख्य पट्ट्यात कार्बन वापरतात. मला हीच वाटणी शहाणपणाची वाटते.